धनसिंग नानांना कोणी पाडत नसे

धुळ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तालीम होती. पाटीवर तिचं नाव काहीतरी दुसरंच रंगवलेलं होतं, पण ते वाचायला कोणी थांबत नसे. सगळा गाव तिला धनसिंग नानांची तालीम म्हणे. पत्र्याचं छप्पर, मातीच्या भिंती, कोनाड्यात मारुती, भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या जोड्या आणि मधोमध लाल मातीचा आखाडा. त्या मातीत नाना ताक, हळद, तेल असं काय काय मुरवत. आमच्या घरी भाजीला पडत नसे इतकं तेल त्या मातीला पडे, आणि माझी आई मला हे रोज ऐकवी.

नाना म्हणजे धनसिंग गिरासे, जकात नाक्यावरचे शिपाई. मी सांगतोय ती हकिकत सदुसष्ट-अडुसष्ट सालची. तेव्हा ते पन्नाशी ओलांडून बरेच पुढे गेले होते. मिशा मात्र काळ्याभोर होत्या, आणि त्या कशाने काळ्या राहतात हे विचारायची कोणाची छाती नव्हती. नाक्यावर ते ट्रक अडवत तेसुद्धा अदबीने. "भाऊसाहेब, जराखा थांबता का?" असं म्हणत ते ट्रकसमोर उभे राहत. त्याच्या काही वर्षं आधी एका ड्रायव्हरला ही भाषा कळलीच नाही. तो थांबला नाही, नानांना बाजूला उडी मारावी लागली आणि त्यात त्यांचा उजवा गुडघा मुरगळला. महिनाभर ते लंगडत होते. मग लंगडणं थांबलं आणि सगळे ते विसरून गेले, निदान आम्हाला तसं दाखवावं लागलं.

कुस्ती शिकवणारे वस्ताद धुळ्यात पुष्कळ होते. तालमीत वागावं कसं, हे शिकवणारे नाना एकटेच. चपला दारात काढायच्या त्या तोंड बाहेर करून, ओळीत. आधी मारुती, मग वस्ताद, मग माती कपाळाला, आणि मगच लंगोटाला हात. कोणी दंड काढत असेल तर त्याच्या डोक्याकडून जायचं नाही. ज्या फरशीवर आपला घाम पडला ती आपल्याच पंच्याने पुसायची. आपल्या बैठका मोठ्याने मोजायच्या नाहीत, कारण शेजारच्याच्या चुकतात. कोणी पडला तर हसायचं नाही, आणि ज्याने पाडलं त्यानेच पडलेल्याच्या पाठीवरची माती पुसून द्यायची. झिपरूला बैठका काढताना हुंकारायची सवय होती. तो दूधवाला, पहाटे सायकलवर कॅन लावून गावभर दूध घालून यायचा आणि मग तालमीत. नानांनी त्याचा हुंकार दोन दिवस ऐकून घेतला. तिसऱ्या दिवशी शांतपणे विचारलं, "झिपऱ्या, म्हैस आठेच व्यावाले लागनी का?" तिथेच व्यायला लागलेली म्हैस ठरल्यावर झिपरूने तोंड मिटून बैठका काढल्या, डोळे मात्र बाहेर येत.

एकदा जळगावच्या कॉलेजातला एक पोरगा सुट्टीत मामाकडे आला होता. छाती रुंद करायच्या स्प्रिंगा घेऊन तो तालमीत अवतरला, चार वेळा त्या ओढल्या आणि मग हात वाकवून स्वतःचा दंड न्याहाळत बसला. नाना त्याच्याजवळ गेले. "भाऊ, दंड तुमनाच शे. तो कोठे जात नही. घर जाईसन देखा," म्हणाले. पोरगा पुन्हा दिसला नाही. आम्हाला वाटलं नाना त्याला रागावले म्हणून तो गेला. नानांना वाटलं, पोरगा समजूतदार होता, सांगितल्याबरोबर दंड बघायला घरी गेला.

याच पायी आरशाचं प्रकरण झालं. अमृतलाल शेठ आमच्या तालमीचे आश्रयदाते. आग्रा रोडला त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं, छपराचे पत्रे त्यांनीच दिलेले. रोज सकाळी येऊन ते चारदोन बैठका काढत आणि उरलेला वेळ कठड्यावर बसून दुसऱ्यांचा घाम बघत. एका दिवाळीला त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ पुरुषभर उंचीचा आरसा तालमीला भेट दिला, वर तांबड्या अक्षरांत "कै. माणकचंद यांच्या स्मरणार्थ". आता आरसा म्हणजे आपला दंड आपण बघणं, आणि भेट नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. नानांनी तो आरसा सन्मानाने, हार घालून, भिंतीकडे तोंड करून टांगला. शेठजींना त्यांनी समजावलं की स्वर्गवासी माणसाच्या नावावर धूळ बसू नये म्हणून ही काळजी. शेठजींना ते फार पटलं.

पण या सगळ्या रिवाजांत एक रिवाज असा होता की जो कोणी कधी तोंडाने सांगितला नाही. रोज मेहनत संपली की नाना आखाड्यात उतरत आणि एकेकाला सरावाच्या लढतीला बोलावत. भटू, झिपरू, पुना शिंपी, बाकीचे, आणि शेवटी मी. भटू हा तालमीतला सगळ्यात तयार गडी. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, बोलायचा कमी, आणि त्याची मान अशी होती की सदऱ्याचं वरचं बटण त्याला आयुष्यात लावता आलं नव्हतं. हा भटू रोज नानांशी भिडायचा, थोडा वेळ रेटारेटी व्हायची, आणि मग नाना त्याला उताणा करायचे. मग झिपरू उताणा. मग पुना. नाना घाम पुसत वर येत आणि म्हणत, "पोरेस्मा दम नही राहयना." अमृतलाल शेठ कठड्यावरून मान हलवत. "नाना, तुम्ही तर शेर आहात, शेर!"

मीही पडायचो. मी एसटीच्या डेपोत बुकिंग क्लार्क होतो, तिकीट फाडून फाडून माझ्या अंगठ्यात तेवढी ताकद आली होती. नाना मला कंडाक्टर म्हणत. मी सांगून पाहिलं की कंडक्टर वेगळा आणि बुकिंग क्लार्क वेगळा, पण वस्तादांची चूक दोनदा दुरुस्त करणं रिवाजात बसत नव्हतं.

तर झालं असं, की अमृतलाल शेठ भुईमुगाच्या सौद्यासाठी पारोळ्याला गेले. तिथे अडतीवर पंचक्रोशीतल्या एका गावचे चैत्रातल्या जत्रेचे पंच बसले होते. जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत रावेरचा तोताराम येणार होता. तो केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा गडी. दोन वर्षं त्याला जोडच मिळत नव्हती. शेठजी सच्चे माणूस. जे रोज डोळ्यांनी बघत होते ते त्यांनी सांगितलं. "आमचे धनसिंग नाना पन्नाशी उलटून गेले, पण रोज सकाळी पंचविशीतल्या गड्यांना एकामागून एक लोळवतात. मी स्वतः बघतो." पंचांनी शेठजींकडे बघितलं. एवढा मोठा व्यापारी फुकट खोटं कशाला बोलेल?

आठवड्यात ते पंच तालमीत हजर. नानांनी त्यांना गूळ-पाणी दिलं, चहा दिला, चपलांची तोंडं स्वतःच्या हाताने बाहेर केली. पाहुण्यांशी बोलताना नाना अहिराणी बाजूला ठेवून पुस्तकी मराठी बोलत. पंच म्हणाले, शेवटची कुस्ती तुमची, मानाची. नाना म्हणाले, "समोरचा गडी मान देऊन बोलावतो आहे. मग आपणही काही पणाला लावलं पाहिजे, नाहीतर त्याचा अपमान होतो." त्यांनी मारुतीकडे बघून हात जोडले. "त्या कुस्तीत माझी पाठ मातीला लागली, तर त्या दिवसापासून मी कुठल्याही आखाड्यात पाय ठेवणार नाही. या आखाड्यातसुद्धा."

पंच खूश होऊन गेले. आम्हाला मात्र दुसरंच दिसत होतं. नाक्यावर नाना एक शिपाई होते. कोणीही साहेब त्यांना ए धनसिंग म्हणे. घरी पोरंबाळं नव्हती. नाना जे काही होते ते त्या मातीतच होते, आणि आपल्या हाताने त्यांनी ती माती डावावर लावून टाकली होती.

त्या संध्याकाळी आम्ही पांझरा नदीच्या काठी चहाच्या टपरीवर जमलो. दोनदा चहा झाला. शेवटी भटू कपात बघत म्हणाला, "नानाले सांगाले पाहिजे."

"काय सांगाले पाहिजे?" झिपरूने विचारलं.

भटूचे कान लाल झाले. "मी... मी मुद्दाम पडस."

झिपरूने कप खाली ठेवला. "तू? मुद्दाम पडस?"

"हा."

"आरे, मुद्दाम तर मी पडस! माले वाटे तू खरा पडस!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पुना शिंपी मध्येच हळूच म्हणाला, "मी बी." मग दुसरा म्हणाला. मग तिसरा. प्रत्येकाने इतकी वर्षं असंच धरलं होतं की नानांचा मान राखणारा आपण एकटाच, बाकीचे बिचारे खरोखर पडतात. झिपरूला तर रागच आला. तो म्हणाला की भटूसारख्या भटूला नाना लोळवतात हे बघून त्याने घरी कितीदा नानांचं कौतुक केलं होतं. आता घरी काय सांगायचं?

"मंग नानाना हातथून खरा पडना तरी कोन?" पुनाने विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले. मी खरं तेच सांगितलं. मी खरोखरच पडायचो. त्या बाकावर नानांनी खरंखुरं पाडलेला असा मी एकटाच बसलो होतो.

तेवढ्यावरून माझी निवड झाली. मी त्यांना कधी फसवलेलं नव्हतं, तेव्हा खरं सांगायचा अधिकार मलाच, असं सगळ्यांनी ठरवलं. माणसाला कमीपणा देऊन त्याच कमीपणाचं काम त्याच्या गळ्यात घालायची आमच्या गल्लीची जुनी पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी गेलो. नाना नाक्यावरून यायचे होते. भिकुअक्का, म्हणजे नानांची बायको, चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होती. मी दोन वाक्यांत आडवळणाने सुरुवात केली, तिने तिसऱ्या वाक्याला मला सरळ केलं.

"गुडघाले रोज तेल मी लावस. माले नही का समजस?" तिने भाकरी उलटली. "जिना चढतस तव्हय भिंत धरतस. तालमीतून घर उनात का सांगतस, आज भटूले असा फेका, झिपरूले तसा फेका. मी म्हनस, हा."

"मग अक्का, तुम्हीच सांगा ना."

"मी सांगं तर म्हनतीन, बाईले काय समजस कुस्तीमान." तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे धुराने लाल झाले होते की कशाने, मला कळलं नाही. "तूच सांग, भाऊ. ती तालीम गयी तर तुमना नाना घरमा बसतीन. आन मंग काय करतीन?"

एवढ्यात नाना आले. मला बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी हातपाय धुतले, पाट मांडले. मी म्हटलं, नाना, एक बोलायचं होतं. नाना म्हणाले, पाहुण्याने उपाशीपोटी बोलू नये. मी भाकरी-चटणी खाल्ली आणि पुन्हा तोंड उघडलं. नाना म्हणाले, खाल्ल्या खाल्ल्या महत्त्वाचं बोलू नये, अन्नाचा अपमान होतो. मग त्यांनी सुपारी कातरत जत्रेला कोण कोण येणार, एसटीत शेठजींना खिडकी कशी द्यायची, पारोळ्याला उतरल्यावर पंचांना आधी कोणी नमस्कार करायचा, हे सगळं ठरवलं. मी निघालो तेव्हा माझ्या अंगावर पुढच्या बाकांचं बुकिंग करायचं काम होतं. अक्का दारात आली होती. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

मग भटूने ठरवलं की तोंडाने नाही जमत तर हाताने सांगायचं. एक दिवस, फक्त एक दिवस, नानांना खरं पाडायचं. म्हणजे नाना शहाणे होतील आणि पंचांना काहीतरी निमित्त कळवतील. त्या सकाळी आम्ही सगळे कठड्याला चिकटून उभे होतो. नानांनी मातीची चिमूट भटूच्या खांद्यावर टाकली, भिडले. भटूने या वेळी अंग सैल सोडलं नाही. नानांचा पाय उचलला गेला, कंबर वळली, आता पाठ लागणार, इतक्यात नानांच्या उजव्या गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. भटूचे हात तिथेच सुटले. नाना सावरले, आणि पुढच्या क्षणी भटू स्वतःच त्यांच्याखाली उताणा झालेला.

"आज चांगला रेटा दिधा रे," नाना खूश होऊन म्हणाले. "असाच रोज देत जाय. तोतारामना साठे मनी तयारी व्हई."

भटू उठून तडक विहिरीवर गेला आणि डोक्यावर बादल्या ओतत राहिला.

जत्रेला आम्ही गेलो. चैत्राचं ऊन, डफांचा आवाज, फेट्यांची गर्दी. तोताराम पंचांच्या मांडवाबाहेर उभा होता. तिशीचा असेल. केळीचे घड वाहून वाहून त्याच्या खांद्यावर घट्टा पडला होता. त्याने चपला काढल्या आणि वाकून त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला केली. नानांनी ते बघितलं आणि मला कोपर मारलं. "पोऱ्या वळनना शे," म्हणाले. तोताराम पुढे आला, नानांच्या पायाला हात लावला. नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून मनापासून आशीर्वाद दिला, "विजयी हो."

इतका लवकर फळलेला आशीर्वाद मी दुसरा पाहिला नाही. सलामी झाली. हाताला हात भिडले. नानांनी आपली नेहमीची पकड घेतली, भटूचं अंग जिथे रोज सैल पडायचं तिथे रेटा दिला आणि थांबले. समोरचं अंग हललं नव्हतं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यावर भीती नव्हती, नवल होतं. आपल्याच घराचं दार नेहमीसारखं ढकलावं आणि ते आतून बंद असावं, तसं त्यांनी पुन्हा एकदा रेटून पाहिलं. मग तोतारामने ढाकेचा डाव मारला. डफवाल्याचा अजून ठेकाही लागला नव्हता, आणि नाना उताणे होऊन आभाळाकडे बघत होते.

लोक ओरडले. तोताराम ओरडला नाही. त्याने नानांना दोन्ही हातांनी उठवलं, डोक्याचा फेटा सोडला आणि त्या फेट्याने नानांची पाठ पुसली. सावकाश, खांद्यापासून कमरेपर्यंत. आमच्या तालमीत कोणी इतक्या नीट कधी पुसली नसेल. मला रडू आलं. शेजारी भटू उभा होता, त्याची मान खाली.

परतीच्या एसटीत शेठजी खिडकीत बसले होते. "माती खराब होती," ते म्हणाले. झिपरू म्हणाला, ऊन फार होतं. पुनाने पंचांवर ठपका ठेवला. नाना समोर बघत होते. "माती चांगली होती," ते म्हणाले, आणि धुळे येईपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीत गेलो तर नाना बाहेर, दारालगतच्या दगडावर बसलेले. खाकी सदरा घातलेला, लंगोट नाही. शेठजी त्यांना विनवत होते. शब्द जत्रेत दिला नव्हता, इथे दिला होता, आणि जत्रेची माती वेगळी, असा काहीतरी व्यापारी हिशेब ते मांडत होते. नाना म्हणाले, "मारुतीदेखत बोललो आहे." मग त्यांनी आम्हाला आत जायची खूण केली. आम्ही आत गेलो. आत आखाडा होता, मारुती होता, मुद्गलं होती, आणि तरी आम्हाला कुठे उभं राहावं ते कळेना.

नाना रोज येत राहिले. नाक्यावर जायच्या आधी त्या दगडावर बसत. आतलं त्यांना दिसत नसे, मधे भिंत. ऐकू मात्र सगळं येई. "कोन शे रे तो, दंड काढता काढता बोलस?" बाहेरून आवाज येई, आणि बोलणारा गप्प होई. मेहनत झाली की भटू आणि झिपरू लढत. आता वस्तादच नव्हते, तेव्हा मानापानाचा प्रश्न नव्हता. दोघं रेड्यांसारखे भिडत, कधी हा पडे कधी तो, आणि पडला की पत्रे हादरत. अशा वेळी बाहेर नाना एकदम गप्प होत. मला वाटे त्यांना वाईट वाटत असेल. ते ऐकत होते, हे मला उशिरा कळलं.

एके दिवशी भटू अंग धुऊन बाहेर आला. मी चपला घालत होतो. नानांनी त्याला हाताने जवळ बसवलं.

"तू नि झिपऱ्या लढतस, तव्हय पडानी आवाज येस. धप्प. बाहेरलोंग येस." ते भटूकडे बघत नव्हते, समोरच्या चपलांकडे बघत होते. "तुम्ही मनासंगे लढेत, तव्हय असा आवाज कधी ऊना नही. मी आठे बशीसन रोज आठवी राहयनू. एकदा बी नही." मग त्यांनी विचारलं, "कवयपाईन?"

कधीपासून. भटूला खोटं बोलता आलं असतं. त्याने मान खाली घातली. "गुडघा मुरगळना, तव्हयपाईन."

"बठ्ठा?" म्हणजे सगळेच.

"बठ्ठा." मग भटू थांबला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "नही. हाऊ कंडाक्टर खरा पडे."

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मिशा हलल्या. हसू येत होतं की दुसरं काही, ते त्यांनाही कळलं नसावं. मग त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो चढलेला मी ऐकला नव्हता. "मी तुम्हले कुस्ती शिकाडी! दिनरात शिकाडी! आन तुम्ही शिकनात काय?" त्यांनी दारातल्या ओळीकडे बोट केलं. सगळ्या चपला, तोंडं बाहेर, एका रेषेत. "चपला लावानं शिकनात!"

ते उठले आणि दगडाला हात टेकत नाक्याकडे चालू लागले. त्या दिवशी ते लंगडले, आणि त्यांनी ते लपवलं नाही. आम्ही दोघं तसेच बसलो होतो. भटूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मला आमच्या सगळ्यांचा संताप आला. एका माणसाचा मान राखता राखता आम्ही त्याला दिवसाढवळ्या, डफ लावून, पाडायला नेलं होतं.

चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते हातात एक नवा फेटा घेऊन. दगडावर बसून त्यांनी भटूला दारात बोलावलं आणि उंबऱ्याबाहेरूनच फेटा त्याच्या डोक्याला बांधला. "आजपाईन वस्ताद तू," म्हणाले. अमृतलाल शेठनी पेढे वाटले. आम्ही सगळ्यांनी मारुतीनंतर भटूला नमस्कार केला. भटू इतका लाजला की त्याला आखाडा सापडेना.

मेहनत झाली. भटू मातीत उतरला, आणि वस्तादांच्या पद्धतीप्रमाणे त्याने पहिल्या लढतीला झिपरूला बोलावलं. झिपरूने त्याच्या पायाला हात लावला. भिडले. थोडी रेटारेटी झाली, भटूने कंबर धरली, झिपरू उचलला गेला आणि उताणा झाला. भटू उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "शेर!" कठड्यावरून शेठजी म्हणाले.

"झिपऱ्या!"

बाहेरून नानांचा आवाज आला. सगळे दगडासारखे उभे राहिले.

"हाई खोटं शे. उठ. पुन्हा लढ."

झिपरू मातीत पडल्या पडल्या भटूकडे बघत होता. भटूच्या चेहऱ्यावरचं समाधान उतरत गेलं. त्याला ते पडणं खरं वाटलं होतं. वस्ताद होऊन त्याला एक सकाळही झाली नव्हती, आणि नानांना जे इतकी वर्षं खरं वाटत आलं ते त्याला पहिल्याच लढतीत खरं वाटलं होतं. त्याने डोक्याचा फेटा काढून कठड्यावर ठेवला, झिपरूला हात देऊन उठवलं, आणि त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी एक जोराचा धक्का मारला. झिपरूला राग आला. यावेळी ते खरे भिडले. बराच वेळ नुसते श्वास ऐकू येत होते. मग धप्प असा आवाज झाला आणि छपराच्या पत्र्यांवरून धूळ खाली आली.

 शेठजींचं तोंड उघडं राहिलं होतं.

"कोन पडनं?" बाहेरून नानांनी विचारलं.

 झिपरू घाबरून बाजूला झाला होता. शेवटी मातीतून, उताण्या अंगानेच, आवाज आला.

"मी पडनू, नाना."



"मंग तू व्हशी वस्ताद," नाना म्हणाले.